सीटखाली दाबलेलं बक्कल

अमरावतीच्या वलगाव रोडवर शेखरभाऊचं सीट कव्हरचं दुकान हाय. संघपालनं चढवलेल्या कव्हरवर एक सुरकुती दाखवा अन् पैसे परत घेऊन जा, असं शेखरभाऊ गिऱ्हाइकाले छाती ठोकून सांगे. तवा संघपाल गाडीत उलटा पडून हूक ओढत राहे, पण कान बाहेरच लावून ठेवे. नववीत शाळा सुटली तवापासून त्याची तारीफ कोणी केलीच नव्हती. मास्तर म्हणत, हे पोट्टं एका जागी बसत नाई. अन् आता पाहा, दिवसभर लोकाइच्या बसाच्या जागा सजवून राहिलं होतं.

आता मागच्या सीटच्या फटीतून सीटबेल्टच्या पट्ट्याचे बक्कल वर निंगून राह्यतेत. ते कव्हरले आडवे येतेत. त्याइच्यासाठी कव्हरले भोक पाडा, भोकाची कड शिवा, मंग बक्कल त्यातून वर काढा. लय वेळखाऊ काम. अन् गिऱ्हाईकच म्हणे, "भाऊ, ते टोचते ना, दाबून टाका." मंग संघपाल बक्कलाले काळी चिकटपट्टी गुंडाळे, म्हणजे खडखड नाई व्हावं, अन् सीटखाली दाबून वरून कव्हर असं ताणे का सीट सपाट, सारवलेल्या ओसरीवानी. मागं बसून पट्टा लावते कोण? पोलीसही समोरच्याइलेच पाह्यते. किती गाड्या अशा केल्या त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, त्यानं त नाईच.

त्याची मोठी बहीण भावना अकोल्याले देल्ली होती. ती नर्स, अन् भाऊजी सुगत एका शाळेत क्लर्क. त्याइनं जुनी गाडी घेतली तवा संघपालनं सुटीच्या दिवशी सोताच्या हातानं कव्हर चढवून देल्लं. तपकिरी रेक्झिन, चौकटीची शिलाई, दोरा जरासा उजळ रंगाचा. भाऊजीनं सीटवरून हात फिरवला अन् म्हणे, "साळेबुवा, हे त विमान करून टाकलं तुमी." भाऊजीची माय मनकर्णाबाई त चप्पल बाहेर काढून गाडीत बसली. संघपालले तवा असं वाटलं का नववी पास झालो.

त्याच्या पुढची गोठ. एक दिवस दुपारी भावनाचा व्हिडिओ कॉल आला. संघपाल एका मोठ्या गाडीत अर्धा आत, अर्धा बाहेर. फोन त्यानं डॅशबोर्डवर उभा केला.

"संघू, पाह्य, आमूसाठी काय आणलं."

आमू म्हणजे आम्रपाली, त्याची भाची, पहिलीत जाणारी. ती एका काळ्या-लाल ठोकळ्यावर बसून पाय हालवत होती.

"हे काय? लग्न हाय काय तिचं? चौरंगावर बसवलं."

"बूस्टर सीट म्हणतेत याले. बिना पाठीची."

"पाठ ठेवून घेतली काय दुकानदारानं? वापस मांग."

"पुरं आयकून त घे. पाठवाली लहान्या लेकराइसाठी बरी असते, झोपेत लवंडतेत ते. नाई त ज्या गाडीत मागं डोक्याले टेका नाई, तिच्यासाठी. आपल्या गाडीत टेका हाय. अन् आमू सरळ बसते. वजन पाह्यलं, उंची पाह्यली, मंगच घेतली. तेल्हाऱ्याले नातेवाइकाइकडे गेलो का त्याइच्या गाडीतही उचलून ठेवता येते."

"अन् हे करते काय?"

"लेकराले उंच करते, बस. आपला मोठ्या माणसाचा पट्टा लेकराच्या गळ्यावर येते अन् पोटावर येते. धक्का बसला त तोच पोटात रुतते. याच्यावर बसलं का वरचा पट्टा खांद्याच्या मधून जाते अन् खालचा मांड्याइवरून. ठोकळ्याच्या बाजूले हे दोन कान हायत ना, याच्या खालून घ्याचा."

"लय अभ्यास केला वो."

"केला त केला. तुह्यावानी दप्तर नाई फेकलं." भावना हासली. तिनं मजाकच केली होती. पण दुकानातला दुसरा पोट्टा फिसकन हासला, अन् संघपालचं डोस्कं तापलं.

तेवढ्यात भावना म्हणे, "बरं, आता सांग, बक्कल कुठी हाय? पट्टा वरून येऊन राहिला, पण अडकवाचा कशात? मी फटीत हात घालून पाह्यला, कव्हरच लागते."

संघपालले माहीत होतं कुठी हाय. सीटखाली, काळ्या चिकटपट्टीत. पण ते काढाचं म्हणजे अकोल्याले जा, सीट उचका, त्या चौकटीच्या शिलाईतच भोक पाडा. विमानाले भोक. अन् सगळ्याइत मोठं म्हणजे, त्या हासणाऱ्या पोट्ट्यासमोर बहिणीले सांगाचं का माह्यानं चुकलं.

"या मॉडलले मागं बक्कल येतच नाई," तो म्हणे.

"पट्टा येते अन् बक्कल येत नाई? असं कसं रे?"

"जुनी गाडी हाय ताई! कंपनीनं नाई देल्लं त मी काय सोनाराकून घडवून आणू? तुले लय समजते त तूच ये फिटिंगले."

"चिडून काहून राहिला? इचारलंच ना फक्त."

"बसव तशीच. चौरंगावरून बाहेरचं नीट दिसन तिले." अन् त्यानं फोन कापला.

भावनानं त्याचं आयकलं. आयकणारच ना, रोज गाड्याइचंच काम करते भाऊ.

---

तेल्हाऱ्याहून अकोल्याले वापस येताना, दिवस मावळाच्या आधी, तुरीच्या वावरातून एक रोही, घोड्याएवढी नीलगाय, उडी मारून रस्त्यावर आला. सुगतनं करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, रोही पळून गेला, गाडीले खरोचही नाई आली. पण मागं आमू त्या बूस्टरसकट सरकली अन् समोरच्या सीटवर जाऊन आदळली. हनुवटी फाटली. उजवा हात खाली दबून मोडला.

भावनाचा फोन आला तवा तिचा आवाज एकदम सपाट होता, दवाखान्यातल्या बाईसारखा. "घाबरू नको. टाके पडले, पिलास्टर केलं. डोक्याले काई नाई." तिनं बक्कलाचं नावही नाई घेतलं. संघपालले वाटलं, घेतलं असतं त बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं अकोल्याले निंगाला. खिडकीजवळची जागा भेटली, अन् तेच वाईट झालं. बाजूनं जाणाऱ्या गाड्याइच्या आत दिसून राहिलं होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक पांढरी गाडी एसटीच्या बरोबरीनं चालली. मागं तपकिरी कव्हर, चौकटीची शिलाई, दोरा जरासा उजळ. सोताच्या हाताची शिलाई माणूस झोपेतही ओळखते. त्या सीटवर दोन लेकरं उभी होती, समोरच्या दोन सीटाइच्या मधून मुंडकं काढून. एकानं एसटीकडे पाहून जीभ दाखवली. संघपालनं खिडकीची काच लावली अन् डोळेही मिटले.

घरी पोचला त आमू पलंगावर. हनुवटीले पट्टी, ओठ सुजून वर आलेला. पण मामाले पाहून बसली उठून.

"मामा, रोही एऽऽवढा होता! मी उडाली."

"हो काय?"

"माहा चौरंगही उडाला." तूच चौरंग म्हटलं होतं ना, अशा कौतुकानं तिनं त्याच्याकडे पाह्यलं. "तूनं सांगतलं तसं बाहेरचं सगळं दिसे मले. रोही मलेच पयले दिसला."

संघपालनं बॅगेची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. तिच्यासाठी आणलेला खाऊ काढाचंही सुचलं नाई.

सुगत दाराजवळच्या खुर्चीत बसून होता. दाढी वाढलेली. शाळेतही गेला नव्हता. त्याची माय मनकर्णाबाई सैपाकघरातून बोलून राहिली होती, अन् तिचं बोलणं भिंतीलेही आयकू येत होतं.

"जनावर आडवं आलं त आलं. सगळ्याइच्याच गाडीले येते. हळू नाई दाबता येत काय बिरेक? लेकराचं तोंड फोडलं. मी म्हणतच होती, याच्या हाताले गाडी नाई शोभत."

"आई, झालं ना आता," भावना म्हणे.

"काय झालं? पोरगी गाडीचं नाव काढलं का रडते. संध्याकाळी पट्टी बदलाले कशी नेशीन?"

सुगतनं खुर्ची जवळ ओढली. मंग हळूच संघपालले म्हणे, "विकून टाकतो गाडी. कोणी गिऱ्हाईक असन त पाहा दुकानात. माह्याच्यानं आता चाबीले हात नाई लागून राहिला. डोळे मिटले का तो आवाज येते मांगून."

हा माणूस रागावला असता, शिव्या देल्ल्या असत्या, त संघपाल उलटून बोलला असता. त्याले भांडता येत होतं. पण हा त सोतालेच दोष देऊन राहिला होता, अन् संघपालचा दोष त्याच्या डोक्यावर ठेवून खाली मुंडी घालून बसला होता. आत्ता सांगावं, असं त्याच्या तोंडाशी आलं. मनकर्णाबाईनं आतून भांडं आपटलं अन् ते तोंडातच राह्यलं.

"चाबी द्या, भाऊजी," तो म्हणे. "जरा पाह्यतो गाडी."

---

गाडी अंगणात आंब्याखाली उभी होती. संघपालनं आतून दार लावून घेतलं. खिशातलं पातं काढलं. आमू डाव्या बाजूले बसे, म्हणून डावीकडून सुरुवात केली. बोटानं कव्हरवरून चाचपलं त लगेच सापडलं, एक टणक गाठ. त्यानंच दाबलेली, त्याले कशी नाई सापडन? चौकटीच्या उजळ दोऱ्यावर पातं ठेवलं. रेक्झिन फाटाचा आवाज बारीक असते, पण त्याले तो रस्त्यापर्यंत गेल्यावानी वाटला.

हात आत घालून बक्कल वर ओढलं. चिकटपट्टी नखानं सोलली. पट्टा ओढून लावून पाह्यला. खट. पक्कं बसलं. इतकंच काम होतं. इतक्याशा कामासाठी लेकराचा हात मोडला.

तो तसाच बसून राहिला. मंग खिडकीवर टकटक झाली. मनकर्णाबाई पाण्याचा गिलास घेऊन उभी होती.

"काय करून राहिला रे इतक्या वेळचा?"

अन् संघपालच्या तोंडातून निंगून गेलं, "बक्कल बसवून राहिलो, आजी. दुकानातून आणलं होतं."

कोणी इचारलं नव्हतं कुठून आणलं. त्यानं सोतानंच जोडून देल्लं. दुसरं खोटं बोलाले पयल्याइतकाही जोर लागला नाई.

मनकर्णाबाई आनंदानं घराकडे वळून वरडली, "अवो भावना! ये सुगत! या पाह्यले. मामानं अमरावतीहून बक्कल आणून बसवलं. याले म्हणतेत माया! बापाच्या ध्यानात आलं नाई, अन् एवढुशा पोट्ट्याच्या आलं."

सगळे बाहेर आले. सुगतनं वाकून आत पाह्यलं. त्याचे डोळे भरले होते.

"मले माहीतच नाई संघपाल, हे येगळं भेटते म्हणून," तो म्हणे. "मी इचारालेच पाह्यजे होतं कुठीतरी. इचारलंच नाई. बापानं इचारालेच पाह्यजे ना." अन् त्यानं संघपालचे दोनी हात धरले. संघपालच्या तळहाताले अजून चिकटपट्टीचा गोंद लागून होता. त्याले वाटलं, आता हे हात भाऊजीच्या हाताले चिकटून राहतीन अन् सगळ्याइले दिसन.

भावना घरात गेली. तिनं बूस्टर आणून सीटवर टेकवला, मागं पाठीले लावून. मंग आमूले समजावत समजावत आणलं. आमू दाराशीच रडाले लागली.

"मी नाई बसत. मी उडते."

"नाई उडत. मामानं पट्टा लावून देल्ला. फक्त बसून पाह्य. गाडी चालू नाई करत."

आमू बसली. भावनानं डोक्यामागचा टेका वर ओढून कानाबरोबर आणला. खालचा पट्टा बूस्टरच्या दोनी कानाइखालून घेतला, पोटावरून खाली, मांड्याइवर सपाट. वरचा खांद्याच्या मधोमध, गळ्यापासून दूर. पिळ पडलेला सोडवला. मोडलेला हात बाहेर मोकळा ठेवला. मंग बक्कलात पट्ट्याची लोखंडी जीभ सरकवली. खट. ओढून पाह्यलं. सगळं असं केलं जसं पेशंटले सलाइन लावून राहिली.

अन् मंग तिची नजर बक्कलावर थांबली. तिनं नखाच्या टोकानं त्याच्या खोबणीतलं काहीतरी काढलं, बोटावर घेतलं, पाह्यलं. सगळे आमूशी बोलण्यात होते. ती संघपालच्या बाजूले सरकली अन् फक्त त्यालेच आयकू येईन इतक्या आवाजात म्हणे,

"नव्या बक्कलात बिस्किटाचा चुरा कसा गेला रे?"

गाडी जुनी होती. आधीच्या मालकाच्या लेकरानं कधीतरी खाल्लेलं बिस्कीट. संघपालची नजर भारी तेज म्हणून दुकानात नाव होतं, उलटा टाका लांबूनच दिसे त्याले. पण हा चुरा त्याले दिसला नव्हता.

त्यानं मान खाली घातली. भावनाच्या नखात काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडाही होता. तिनं तो त्याच्या तळहातावर ठेवला, मूठ बंद केली, अन् निंगून गेली आमूकडे. रागावली नाई. नवऱ्याले सांगतलं नाई, सासूलेही नाई. लहानपणी त्याच्या पाटीवरचं गणित चुकलं का ती अशीच पाटी त्याच्या मांडीवर ठेवून उठून जाये. तूच पाह्य म्हणे.

तिकडं मनकर्णाबाईचं चालूच होतं. "शिकलेला बाप काय कामाचा? या शाळा सोडलेल्या पोट्ट्याले कळलं, अन् याले..."

"आजी," संघपाल म्हणे.

"काय रे बाबू?"

"भाऊजीले बोलू नका."

"बोलीन नाई त काय आरती ओवाळीन? लेकराचं तोंड..."

"भाऊजीनं काही नाई केलं!" तो वरडलाच. आमू दचकली. मंग त्याचा आवाज बसला. "बक्कल दुकानातून नाई आणलं. गाडीतच होतं. मीनंच सीटखाली दाबलं होतं, कव्हर चांगलं दिसावं म्हणून. ताईनं इचारलं होतं फोनवर. मी म्हटलं येतच नाई."

मनकर्णाबाईच्या हातातला गिलास वाकडा झाला अन् पाणी तिच्याच पायावर सांडलं.

सुगत म्हणे, "भावनानं इचारलं तवा तुले माहीत होतं?"

"हो."

"काढता येते, हेही माहीत होतं?"

"हो."

"मंग काहून?"

संघपालनं लय शोधलं. दुकानातला पोट्टा हासला, म्हणून. शिलाई खराब झाली असती, म्हणून. चिडलो होतो, म्हणून. एकही कारण आमूच्या पिलास्टरसमोर ठेवण्यासारखं नव्हतं.

"तुमी मारा मले, भाऊजी," तो म्हणे.

सुगतनं नाई मारलं. तो गाडीच्या बोनेटले टेकून उभा राहिला, दोनी हातानं तोंड पुसलं, वरून खालपर्यंत, जसं लय दिवसाच्या झोपेतून उठला. मनकर्णाबाईनं लेकाकडे पाह्यलं. तिनं पदरानं पाय कोरडा केला अन् आत गेली.

आमूनं सीटवरूनच इचारलं, "मामा खोटं बोलला?"

भावनानं तिचा पट्टा उगाच पुन्हा ओढून पाह्यला.

"मम्मी, सांग ना. मामा खोटं बोलला?"

"हो, आमू," संघपाल म्हणे. "मामा खोटं बोलला." भाचीकडे पाहून त्याले ते म्हणावं लागलं, अन् तिच्यासमोर त्याचा आवाज सगळ्याइत लहान निंगाला.

आमूनं जरा इचार केला. "आता उडत नाई ना मी?"

"नाई."

"पक्कं?"

"पक्कं," भावनानं सांगतलं. मामाच्या पक्क्यावर आता कोणी थांबणार नव्हतं.

मंग सुगतनं हात पुढं केला. संघपालले कळलं नाई काहून. "चाबी," सुगत म्हणे. अन् त्यानं ती घेतली. "पट्टी बदलाले जाचं हाय. बस तूही. वापसीत स्टँडवर सोडतो तुले."

त्याच्या बोलण्यात साळेबुवा नव्हतं, तुमीही नव्हतं. पण बस म्हटलं होतं.

संघपाल मागं बसला, आमूच्या बाजूले, उजव्या दाराशी. भावना समोर. दारं लागली. सुगतनं सोताचा पट्टा लावला. भावनानं लावला. आमूनं डाव्या हातानं आपलं बक्कल चाचपून पाह्यलं. सुगतनं चाबी लावली, पण फिरवली नाई.

संघपाल वाट पाहत राहिला. त्याले वाटलं, भाऊजीले भेव वाटून राहिलं. मंग त्याले आरशात दिसलं, भाऊजी त्याच्याचकडे पाहून राहिला होता.

"मामा," आमू म्हणे, "तुहा पट्टा?"

त्याच्या बाजूची सीट अजून तशीच होती. सपाट, ताणलेली, एक सुरकुती नाई. चौकटी सारख्या, दोरा उजळ. इतकं सुंदर काम त्यानं पुन्हा कुठी केलं नव्हतं. जिंदगीत त्यानं मागं बसून कधी पट्टा लावला नव्हता, अन् लावाचा म्हटलं तरी त्याचं बक्कल त्यानंच गाडून ठेवलं होतं.

कोणी घाई नाई केली. बाकीचे तिघं पट्टे लावून बसून होते अन् तिघंही त्याच्यासाठी थांबून होते.

त्यानं खिशातून पातं काढलं अन् शिलाईवर ठेवलं.